दोनशे किलोमीटर दोरा आणि त्यातलं एक अक्षर

धुळे ते जळगाव म्हणजे जुना सहा नंबरचा महामार्ग, नव्या पाट्यांवर त्रेपन्न. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, मग बांभोरीला गिरणेचा पूल, की आलंच जळगाव. अंतर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. या रस्त्याच्या कडेकडेने जाडसर शिवणदोरा सोडत निघायचं, जळगावात अजिंठा चौफुलीला वळसा घालायचा आणि तसाच दोरा सोडत धुळ्याला परतायचं. पडलेला दोरा भरेल दोनशे किलोमीटरच्या घरात. आता तो सगळा उचलायचा आणि ६० सेंटिमीटर व्यासाच्या एका गोल पिंपात ठेवायचा. अट एवढीच, की नंतर कुणी त्यातला अमुक पाच सेंटिमीटरचा तुकडा मागितला, तर तो काही मिनिटांत हाती लागला पाहिजे, आणि तो काढताना गाठ पडता कामा नये.

तुमच्या-माझ्या कुठल्याही साध्या पेशीचं हे चित्र आहे, फक्त एक लाख पट मोठं केलेलं. डीएनएच्या धाग्याची जाडी २ नॅनोमीटर, ती झाली ०.२ मिलिमीटर. एका पेशीतल्या सगळ्या डीएनएची लांबी सुमारे २ मीटर, ती झाली २०० किलोमीटर. ज्या केंद्रकात हा धागा राहतो त्याचा व्यास ६ मायक्रोमीटर धरला, तर तो झाला ६० सेंटिमीटर. हे लाखपटीचं माप शेवटपर्यंत हाताशी ठेवू.

दोरा अर्थात एकसलग नाही. त्याचे ४६ तुकडे आहेत, म्हणजे ४६ गुणसूत्रं. निम्मी आईकडची, निम्मी बापाकडची. आपल्या मापात सर्वांत लांब तुकडा साडेआठ किलोमीटरचा आणि सर्वांत आखूड दीड किलोमीटरचा. सगळ्या दोऱ्यावर मिळून सहाशे दहा कोटींच्या आसपास अक्षरांच्या जोड्या आहेत. एक अक्षर म्हणजे दोऱ्याची ०.०३४ मिलिमीटर लांबी, साध्या कागदाच्या जाडीचा तिसरा हिस्सा.

इथपर्यंत पोचलं की लिहिणारे आणि बोलणारे बहुतेक सगळे थक्क होऊन थांबतात. केवढा दोरा आणि केवढंसं पिंप! पण जरा गुणाकार करून बघा. ०.२ मिलिमीटर जाडीच्या दोनशे किलोमीटर दोऱ्याचं आकारमान भरतं सव्वासहा लिटर. ६० सेंटिमीटर व्यासाच्या गोल पिंपात मावतं ११३ लिटर. म्हणजे दोऱ्याने पिंपाची पाच-सहा टक्के जागा अडवली, बाकी मोकळी. दोरा अंगाने इतका बारीक आहे, की लांबी कितीही डोळे दिपवणारी असली तरी जागेचा प्रश्न फारसा उभाच राहत नाही. डीएनए केंद्रकात मावतो यात मोठी कर्तबगारी नाही. तो गुंतत नाही, आणि हवा तो तुकडा हवा तेव्हा सापडतो, खरी कर्तबगारी ती. अचंबा करायचाच तर योग्य जागी करावा.

पहिली अडचण विजेची. डीएनएच्या प्रत्येक जोडीवर दोन ऋण भार असतात. म्हणजे एका केंद्रकात बाराशे कोटींहून जास्त ऋण भार, आणि सगळे एकमेकांना दूर लोटणारे. एकटा सोडला तर हा धागा स्वतःच्याच अंगाला अंग लावू देणार नाही. यावरचा तोडगा म्हणजे हिस्टोन नावाची प्रथिनं. आल्ब्रेख्ट कोसेल या जर्मन शास्त्रज्ञाने ती १८८४ साली हंसाच्या रक्तपेशींतून वेगळी केली. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं म्हणून ते जमलं. हिस्टोनवर धन भार भरपूर. आठ हिस्टोन एकत्र येऊन एक मणी होतो आणि डीएनए त्याच्याभोवती पावणेदोनच्या आसपास वेढे घेतो. एका मण्याभोवती १४७ जोड्या, मग थोडा मोकळा धागा, मग पुढचा मणी. आपल्या मापात मणी एक मिलिमीटरपेक्षा जरासा मोठा, बाजरीच्या दाण्याहून बारीक, आणि त्याला गुंडाळलेला दोरा अर्धा सेंटिमीटर. असे मणी एका पेशीत तीन कोटी. प्रत्येकात आठ हिस्टोन, म्हणजे चोवीस कोटी हिस्टोन. वजन केलं तर डीएनए आणि हिस्टोन जवळपास सारख्याच भाराचे निघतात. गुंडाळणारा आणि गुंडाळलेला असे तुल्यबळ.

भाराची ही गोष्ट डोळ्यांनी बघायची असेल तर जळगावात त्यासाठी सर्वांत स्वस्त माल हजर आहे. एक पिकलेलं केळं कुस्करा. त्यात थोडं पाणी, चिमूटभर मीठ आणि भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब घालून हलक्या हाताने ढवळा. लिक्विडने पेशींची आणि केंद्रकांची तेलकट आवरणं फुटतात. पातळ फडक्यातून हे गाळून काचेच्या पेल्यात घ्या आणि कडेकडेने, घाई न करता, फ्रीजमध्ये गार केलेलं सर्जिकल स्पिरिट ओता. स्पिरिट वर तरंगतं, आणि दोन थर जिथे भेटतात तिथे पांढरट, ढगाळ तंतू वर येऊ लागतात. काडीने ओढले तर चिकट लांबट धागे निघतात. त्यात केळ्याचं थोडं पेक्टिनही असतं, पण डीएनए असतोच. कोट्यवधी पेशींचा एकत्र आल्यामुळे तो नुसत्या डोळ्यांना दिसतो. मिठाचं काम इथे तेच, जे पेशीत हिस्टोन करतात. सोडियमचे धन भार धाग्याचे ऋण भार झाकतात, म्हणून धागे जवळ येतात. मीठ न घालता करून बघा, फरक कळेल.

केळ्यावरून आठवलं म्हणून जाता जाता. श्रीमंती, बसराई, जी-नाईन या सगळ्या कॅव्हेंडिश घराण्यातल्या केळी, आणि त्यांच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात. अकरा त्रिक तेहतीस. तिघांच्या जोड्या लागत नाहीत, म्हणून बी धरत नाही, म्हणून मुनवे लावायचे नाहीतर टिश्यू कल्चरची रोपं आणायची. तीन संच धरूनही केळीच्या एका पेशीतला डीएनए भरतो अर्धा मीटर किंवा थोडा जास्त. खान्देशातल्या अमेरिकन कपाशीच्या पेशीत बावन्न गुणसूत्रं, लांबी दीड मीटरच्या वर. माणूस दोन मीटर. आणि धुळ्याच्या बाजारात गोणीने पडलेला कांदा? त्याच्या एका पेशीत अकरा मीटर. लांब धागा म्हणजे मोठी अक्कल असा ज्यांचा समज असेल त्यांनी कांदा चिरताना तो सोडून द्यावा.

कांद्याचा हा जाडजूड ऐवज महाविद्यालयांच्या मात्र कामाचा. जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात कांदा पाण्यावर ठेवून मुळं फोडतात, सकाळी मुळांची टोकं कापतात, कोमट आम्लात नरम करतात, ॲसिटोकार्मिन या लाल रंगात बुडवतात आणि काचेवर ठेवून अंगठ्याने दाबतात. सूक्ष्मदर्शकाखाली चौकटी-चौकटींची फरशी दिसते. बहुतेक चौकटींत एक लालसर पुसट गोळा, आतलं काही उमगत नाही. पण एखाद्या चौकटीत गोळा नसतो. तिथे जाड, आखूड, गडद काड्या मधोमध रांगेत उभ्या असतात. नशीब असेल तर सोळाच्या सोळा मोजता येतात. अकरा मीटरचा धागा त्या सोळा काड्यांत उभा आहे, आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसतो. माणसाचं सर्वांत लांब गुणसूत्र, एरवी साडेआठ सेंटिमीटरचा धागा, अशा काडीच्या रूपात सुमारे दहा मायक्रोमीटरचं उरतं. आठ-नऊ हजार पट आखूड.

काडी होण्याआधी मात्र दुसरी, आणि माझ्या मते सर्वांत अवघड, अडचण पार करावी लागते. पेशी दुभंगण्यापूर्वी सगळ्या दोऱ्याची नक्कल करावी लागते. माणसाच्या पेशीतलं नक्कल करणारं यंत्र सेकंदाला पन्नासेक अक्षरं लिहितं. आपल्या मापात सेकंदाला पावणेदोन मिलिमीटर. असं एकच यंत्र धुळ्याहून निघालं तर जळगाव करून परतायला त्याला जवळपास चार वर्षं लागतील. पेशीला हे काम आठ तासांत उरकायचं असतं, म्हणून ती तीस ते पन्नास हजार ठिकाणी एकदम सुरुवात करते. सोबत चोवीस कोटी नवे हिस्टोन, सेकंदाला आठ हजारांच्या वर, तयार करून जागच्या जागी बसवायचे.

त्याहून बिकट म्हणजे पीळ. डीएनएचे दोन पदर एकमेकांभोवती वळलेले असतात, दर साडेदहा जोड्यांमागे एक वेढा. सहाशे दहा कोटी जोड्या म्हणजे अठ्ठावन्न कोटी वेढे. नक्कल करताना दोन्ही पदर वेगळे करावे लागतात, म्हणून हा प्रत्येक वेढा उलगडलाच पाहिजे. एकही राहून चालत नाही, कारण राहिला तर दोन नव्या पेशी एकमेकींना बांधलेल्या राहतील. आठ तासांत अठ्ठावन्न कोटी म्हणजे सेकंदाला वीस हजार वेढे. हे काम टोपोआयसोमरेज नावाची प्रथिनं करतात, आणि त्यांची युक्ती कुणालाही सुचली नसती अशी आहे. गुंता झालेल्या जागी त्यांतलं एक प्रथिन धागा सरळ तोडतं, तुटलेली दोन्ही टोकं घट्ट धरून ठेवतं, दुसरा धागा त्या फटीतून पलीकडे जाऊ देतं आणि टोकं पुन्हा सांधतं. गाठ सोडवायचा प्रश्नच नाही. धाग्यातून धागा आरपार.

या प्रथिनाची आठवण कर्करोगाच्या वॉर्डात रोज निघते, नाव कुणी घेत नसलं तरी. डॉक्सोरुबिसिन हे सलाइनमधून दिलं जाणारं लाल औषध आणि एटोपोसाइड ही दोन्ही औषधं टोपोआयसोमरेजला ऐन कामात अडकवतात. धागा तोडून झालेला असतो, सांधायचा राहतो. घाईघाईने वाढणाऱ्या पेशींत असे तुटके धागे साचत जातात आणि पेशी मरते.

मण्यांच्या पुढची रचना कशी असते यावर पाठ्यपुस्तकांनी आपल्याला थोडं फसवलंय. मण्यांची माळ सुबक वळून तीस नॅनोमीटरचा दोर होतो, त्या दोराचा आणखी जाड दोर होतो, अशी पायरीपायरीची आकृती पिढ्यान् पिढ्या पोरं काढत आली. परीक्षानळीत तसा दोर दिसतोही. पण अमेरिकेतल्या सॉल्क संस्थेच्या गटाने २०१७ साली माणसाच्या पेशींमध्ये जागच्या जागी डीएनए रंगवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिलं, तेव्हा तो शिस्तीचा दोर सापडला नाही. सापडली ती वेडीवाकडी वळणारी, कुठे दाट कुठे विरळ, पाच ते चोवीस नॅनोमीटर जाडीची माळ. मला हे चित्र जास्त पटतं. जी वस्तू क्षणोक्षणी उघडायची-मिटायची आहे ती इतकी नीटनेटकी कशी असेल?

तरीही या माळेला अंगची शिस्त आहे, ती फासांची. कोहेसिन आणि कंडेन्सिन ही कडीसारखी प्रथिनं धाग्यावर बसतात आणि त्याला आत ओढत ओढत फास मोठा करत नेतात. कंडेन्सिनला असा फास ओढताना २०१८ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष चित्रित केलं. वेग सेकंदाला दीड हजार अक्षरांपर्यंत, आपल्या मापात सेकंदाला पाच सेंटिमीटर. त्याआधी २०१४ साली अमेरिकेतल्या एका गटाने माणसाच्या डीएनएतले दहा हजारांच्या आसपास ठरीव फास नकाशावर मांडले होते. आपल्याकडे पुण्यात संजीव गलांडे यांच्या गटाने सॅटबी-१ या प्रथिनावर वर्षानुवर्षं काम केलं. टी-पेशींच्या केंद्रकात हे प्रथिन डीएनएचे फास जागोजाग धरून ठेवतं आणि त्यावर कुठली जनुकं चालणार हे ठरतं. गलांडे यांना २०१० सालचा भटनागर पुरस्कार मिळाला.

फास कशाला हवेत, हे सातपुड्याच्या पायथ्याइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर हे तालुके, आणि १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेला नंदुरबार. इथल्या भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजार पिढ्यान् पिढ्या आहे. सांधे ठणकतात, पोटात कळा येतात, डोळे पिवळे होतात, लहान पोर महिन्यातून दोनदा तापाने पडतं. पेशीतल्या हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटून लांब सळया होतात आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकल्या की पुढचा भाग रक्तावाचून तळमळतो.

कारण एक अक्षर. अकराव्या गुणसूत्रावर बीटा-ग्लोबिनचं जनुक आहे. त्याच्या सांकेतिक मजकुरातल्या विसाव्या जागी 'ए'ऐवजी 'टी' आलेलं असतं, बस्स. आपल्या दोऱ्यावर ही जागा शोधू. अकरावं गुणसूत्र म्हणजे साडेचार किलोमीटरहून थोडा लांब दोरा. त्याच्या एका टोकापासून पावणेदोनशे मीटर चालायचं. तिथे साडेपाच सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे हे जनुक, आणि त्यात कागदाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ती चूक. धुळे-जळगाव-धुळे रस्त्यावर एवढीच. ती आई आणि वडील दोघांकडूनही आली तरच आजार होतो. एकाकडून आली तर माणूस वाहक, आणि वाहकाला मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारापासून बरंच संरक्षण मिळतं. सातपुड्याच्या जंगलपट्टीत हे अक्षर टिकून राहिलं ते उगाच नाही.

आता गंमत अशी, की हा साडेपाच सेंटिमीटरचा तुकडा तुमच्या त्वचेच्या पेशीतही आहे, यकृतातही, मेंदूतही. तिथे तो मिटलेला पडून असतो, कुणी वाचत नाही. उघडतो तो फक्त तांबड्या पेशी घडत असताना अस्थिमज्जेत, आणि उघडतो तेव्हा असा, की दोन तुकड्यांच्या जोरावर एकेका पेशीत सत्तावीस कोटी हिमोग्लोबिनचे रेणू भरले जातात. एवढा जोर त्याला स्वतःचा नाही. त्याला चालवणारी कळ दूर बसलेली आहे, पन्नासेक हजार अक्षरांवर, आपल्या मापात पावणेदोन मीटर. धाग्याचा फास पडतो, कळ आणि जनुक अंगाला अंग लावून येतात, आणि काम सुरू होतं. हे असं प्रत्यक्ष घडतं हे २००२ साली नेदरलँड्समध्ये उंदराच्या पेशींवर दाखवलं गेलं.

त्या कळीच्या आणि बीटाच्या मध्ये आणखी दोन जनुकं आहेत, गमा-ग्लोबिनची. बाळ पोटात असताना फास त्यांच्यावर पडतो आणि गर्भाचं वेगळं हिमोग्लोबिन बनतं. जन्मानंतर काही महिन्यांत गमा मिटतं आणि फास बीटाकडे सरकतो. म्हणून सिकलसेलचं बाळ पहिले पाच-सहा महिने ठणठणीत दिसतं. चुकीचं अक्षर तेव्हाही असतंच, पण ते पान अजून उघडलेलं नसतं. काही रुग्णांत गमा पूर्ण मिटत नाही, थोडं चालू राहतं. भारतातल्या बऱ्याच आदिवासी रुग्णांत सिकलसेलचा अरब-भारतीय म्हणून ओळखला जाणारा प्रकार आढळतो आणि त्यात गर्भाचं हिमोग्लोबिन जास्त असतं, म्हणून आफ्रिकेच्या तुलनेत त्रास पुष्कळदा सौम्य. पुष्कळदा; नेहमी नव्हे. डॉक्टर देतात ती हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूलही हेच साधते, गर्भाच्या हिमोग्लोबिनचं प्रमाण वाढवते.

ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मान्य केलेला कॅसजेवी हा जनुकीय उपचारही त्याच वाटेचा आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, चुकीचं अक्षर दुरुस्त करत असतील. तसं नाही. अक्षर तसंच राहतं. रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढून, गमा मिटवणाऱ्या बीसीएल-११-ए या प्रथिनाची तांबड्या पेशींपुरती असलेली कळ कापून टाकतात. गमा पुन्हा उघडतं. सहाशे कोटी अक्षरांतल्या एका चुकीवर इलाज सापडला, तो कुठलं पान उघडं ठेवायचं या हिशेबात. उपचाराची अमेरिकेतली किंमत बावीस लाख डॉलर.

आणि एवढा सगळा मांडामांड झालेला दोरा तांबडी पेशी शेवटी करते काय? फेकून देते. हिमोग्लोबिन भरत आलं की केंद्रक आकसत जातं, एका कडेला सरकतं आणि पेशी ते बाहेर ढकलते. शेजारी बसलेली भक्षक पेशी ते गिळून टाकते. आपल्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त तांबड्या पेशी तयार होतात. प्रत्येकीने दोन मीटर टाकले, की सेकंदाला चार हजार किलोमीटर. हा आकडा लाखपटीचा नव्हे, खऱ्या मापातला आहे. काश्मीर ते कन्याकुमारी अंतर बत्तीसशे किलोमीटर. त्याहून लांब डीएनए तुम्ही हे वाक्य वाचायला सुरुवात केली त्या पहिल्या सेकंदातच टाकला. दिवसाचे भरतात साडेचौतीस कोटी किलोमीटर. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे. रोज सूर्यापर्यंत जाऊन परत यावं एवढा धागा शरीर घडवतं आणि मोडून त्याचा माल पुन्हा वापरतं.

याच कारणाने एक लोकप्रिय आकडा साफ चुकतो. शरीरात सदतीस लाख कोटी पेशी, गुणिले दोन मीटर, म्हणजे एका माणसाच्या डीएनएत सूर्याच्या अडीचशे फेऱ्या, असं कुठे ना कुठे वाचायला मिळतं. शरीरात पेशी तीस-पस्तीस लाख कोटींच्या घरात आहेत हे खरं, पण त्यांतल्या दहातल्या आठाहून जास्त तांबड्या पेशी आहेत आणि त्यांच्यात केंद्रकच नाही. केंद्रक असलेल्या पेशी तीन लाख कोटींच्या आसपास. त्यांचा डीएनए सहाशे कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्याच्या वीस फेऱ्या. वीसही कमी नाहीत. उगाच अडीचशे कशाला करायच्या?

आता कामाचं. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा असं तिचं उद्दिष्ट आहे. पहिली तपासणी बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर होते, काही मिनिटांत. रक्त रसायनात टाकलं की द्रावण गढूळ होतं किंवा स्वच्छ राहतं. गढूळ झालं तर पुढची पक्की चाचणी करून वाहक की रुग्ण ते ठरतं. वाहक असणं हा आजार नाही आणि कमीपणा तर मुळीच नाही. पण नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक वेळ बाळाला आजार होण्याची शक्यता असते. चोपड्यापासून साक्रीपर्यंतच्या पट्ट्यात सोयरीक जमवताना कुंडली, हुंडा, देणंघेणं सगळं विचारलं जातं. त्यात दोघांचे सिकलसेलचे अहवालही मागा. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीची सोय आहे, तिचे पैसे पडत नाहीत. लग्न आधीच झालं असेल तर पहिल्या गरोदरपणाच्या सुरुवातीलाच दोघांनी तपासून घ्या.